धूळ न शिरणारं कॅबिनेट

आमच्या घरातला पहिला कॉम्प्युटर पिठाने मेला. हे मी पुढे नोकरीत कितीतरी जणांना सांगितलं आणि एकानेही विश्वास ठेवला नाही. पण बिबवेवाडीत आम्ही राहायचो त्या इमारतीच्या तळमजल्यावर पिठाची गिरणी होती, आमच्या दोन खोल्या बरोबर तिच्या डोक्यावर होत्या, आणि गिरणी सुरू असेपर्यंत घरातली प्रत्येक वस्तू, मला धरून, हलकीशी थरथरत असायची. ज्वारी लागली की एक वास, गहू लागला की दुसरा, आणि कोणी भाजणी दळायला आणली की सगळ्या जिन्याला भूक लागायची. त्यात मागच्या टेकडीवर इमारती उठत होत्या. खडीचे ट्रक दिवसभर घरघरत चढायचे आणि जाताना आपली धूळ आमच्या खिडकीत ठेवून जायचे. आई सकाळ-संध्याकाळ फडकं घेऊन फिरायची. तिने कॉम्प्युटरला जुन्या पडद्याचं कव्हर शिवलं होतं, झालरीसकट. पण झालर बाहेरून शोभते, आतलं पीठ अडवत नाही.

तो कॉम्प्युटर माझ्या मावसभावाच्या ऑफिसातून जुना म्हणून आमच्याकडे आला होता. मी तेव्हा एम.सी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, प्रोजेक्ट घरी करता यावा म्हणून सगळा खटाटोप. एका दुपारी आतून करकर आवाज झाला, जळका वास आला आणि मॉनिटरचा पडदा काळा पडला. दुरुस्तीवाल्याने झाकण काढलं, आत पाहिलं आणि अस्सल पुणेरी थंडपणाने विचारलं, "घरात पिठाची गिरणी चालवता का?" मी म्हटलं, "नाही, खाली आहे." आत गोधडीएवढा थर होता. पंखा त्यात रुतून थांबला होता आणि त्यामुळे बाकी सगळं जळालं होतं. मॉनिटर, कीबोर्ड आणि हार्डडिस्क तेवढे वाचले.

मग नवा मदरबोर्ड आणला, म्हणजे ज्यावर बाकी सगळं बसतं ती मोठी हिरवी पाटी. नवा प्रोसेसर आणला, मेमरी आणली. मैत्रिणीच्या भावाने कागदावर काढून दिलं होतं, कुठली वायर कुठे. मी जमिनीवर चादर अंथरून जुनं सगळं सोडवलं आणि नवं बसवायला गेले, तर नव्या पाटीची भोकं जुन्या डब्याच्या भोकांशी जुळेनात. मधल्या काळात पद्धतच बदलली होती. मागची खिडकी वेगळी, बटण वेगळं, सगळंच वेगळं. त्या वर्षांत सगळ्याच गोष्टींचं असं होत होतं, मला तेव्हा फक्त डब्यापुरतं कळलं. नवं कॅबिनेट आणणं भाग होतं. कॉम्प्युटरच्या या डब्याला कॅबिनेट म्हणतात, हे मी घरी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "मंत्र्यायचं असते तेच का?"

आता बाबांबद्दल सांगायला हवं. आम्ही मूळचे अकोल्याकडचे. बाबा आयटीआय करून पुण्याला आले आणि चिंचवडच्या एका कंपनीत पॅनेल शॉपमध्ये लागले. साखर कारखाने, सिमेंटचे कारखाने यांना विजेची बटणं आणि स्विच ठेवायला मोठमोठ्या लोखंडी पेट्या लागतात, त्या पेट्या बाबा करायचे. पत्रा कापायचा, वाकवायचा, जोडायचा, दाराला रबराची पट्टी लावायची. आम्ही कुठे प्रवासाला गेलो आणि एखाद्या कारखान्याच्या भिंतीवर करड्या रंगाची पेटी दिसली की ते थांबून तिच्या कडेवरून अंगठा फिरवायचे आणि मान हलवायचे किंवा नाही हलवायचे. मग नव्या वाऱ्यात कंपनीने ते काम बाहेरून करून घ्यायचं ठरवलं आणि पॅनेल शॉप बंद झालं. बाबा घरी बसले. स्वेच्छानिवृत्ती असं त्याचं नाव होतं. स्वेच्छा कंपनीची होती.

त्यानंतरही बाबा पहिल्या पाळीच्याच वेळेला उठत. दाढी करत, इस्त्रीचा शर्ट घालत, कंपनीचे जाड बूट घालत आणि आमच्या कोपऱ्यावर जाऊन उभे राहत. ज्यांना कामावर ठेवलं होतं त्यांना घेऊन स्वारगेटकडे निघालेली कंपनीची बस यायची, आतून कोणीतरी हात करायचं, बाबा हात करायचे, बस जायची. मग ते दुधाची पिशवी घेऊन परत येत. आई दुसरा चहा पुढे ठेवत असे. मला मात्र त्या बुटांचा जिन्यातला आवाज ऐकवत नसे. दिवसभर ते काही मागत नसत. भाजीत मीठ नसलं तरी मागत नसत, आणि आधी याच माणसाने मिठावरून घर डोक्यावर घेतलेलं मी पाहिलं होतं. हातांना काम नाही म्हणून ते बसची तिकिटं दुमडत बसायचे. चारी कडा वर, कोपरे आत, करंगळीच्या नखाएवढी पेटी तयार. टीव्हीवर अशा पेट्यांची रांग लागली होती. आई टीव्ही पुसताना त्या उचलायची आणि पुसून झाल्यावर परत तशाच रांगेत ठेवायची.

तर मी कॅबिनेट आणलं. उभं, पांढरट, पुढे निळी प्लास्टिकची कमान. खोलताना त्याच्या पत्र्याने माझा अंगठा असा काही कापला की आई हळदीचा डबाच घेऊन धावली. बाबा तिकिटं बाजूला ठेवून उठले. माझ्या अंगठ्याकडे त्यांनी एकदाच पाहिलं, पत्र्याकडे मात्र बराच वेळ.

"बर नाही काढली," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"पत्रा कापला की कडेले काटे राहतात, त्याले बर म्हणतात. कानस मारून काढा लागते. यानं काढली नाही. कड बी दुमडली नाही." त्यांनी अंगठ्याने बाजूचा पत्रा दाबला, तो टुण्णकन आत गेला आणि परत आला. "हा पत्रा हाये का पापड?"

"बाबा, सगळीकडे असेच मिळतात."

"वापस घेईन का दुकानदार?"

"दुकानदार पुण्याचा आहे, बाबा."

"मंग राहू दे. मले मापं घेऊ दे त्याचे." आणि मग, माझ्याकडे न बघता, "मी करून देतो तुले. धूळ नाही जाणार आत, असं."

माझ्या प्रोजेक्टला उशीर होत होता, हे खरं. विकतचं कॅबिनेट हातात होतं, अंगठ्यावर पट्टी बांधून संध्याकाळपर्यंत काम झालं असतं. पण कंपनी सुटल्यापासून बाबांनी पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. स्वयंपाकघराच्या दारात आई हळदीचा डबा घेऊन उभी होती आणि तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी तत्काळ म्हटलं, "करा ना बाबा. मला काही घाई नाही."

विकतचं कॅबिनेट ओट्याखाली गेलं आणि आईने त्यात कांदे भरले. त्याला बाजूने फटी होत्या, खाली भोकं होती. "कांद्याले हवा लागते," ती म्हणाली, "चांगलं हाये हे."

बाबांबरोबरच कंपनीतून निघालेले नामदेवकाका मार्केट यार्डच्या मागे शेड टाकून खिडक्यांच्या जाळ्या करायचे. बाबा तिथे जायला लागले. कोपऱ्यावर बसला हात करून झाला की परत न येता तसेच पुढे. आईने कपाटातून त्यांचा जुना डबा काढला, चिंचेने घासला आणि पुन्हा पोळी-भाजी भरायला लागली. संध्याकाळी ते परत येत तेव्हा त्यांच्या शर्टाला कापलेल्या लोखंडाचा वास यायचा. लहानपणी मला तोच बाबांचा वास वाटायचा, आणि तो गेला होता हे मला तो परत आल्यावर कळलं. एक दिवस जेवताना ताटाकडे बघून ते म्हणाले, "या वरणात मीठ हाये का नाही? का निस्तं पिवळं पाणी देऊन राहिली?" आई आत गेली आणि मिठाची बरणी आणायला तिला जरा जास्तच वेळ लागला.

अधूनमधून ते मला विचारत. बोर्डाची उंची किती, वायरी कुठून बाहेर येतील, आत गरम होते का. मी म्हटलं होतं, "होतं, पण आत पंखे आहेत ना." पंखा आहे म्हटल्यावर त्यांचं समाधान झालं आणि पंखा आहे म्हणताना माझंही. मी मशीनला काय सांगायचं ते शिकत होते, मशीन श्वास कुठून घेतं हे अभ्यासक्रमात नव्हतं. त्यांच्या पेट्यांत तर स्विच असायचे, ते कधी तापले नाहीत. त्यांचा शत्रू एकच, धूळ. पहिला कॉम्प्युटर धुळीने गेलेला त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, बाबांनी ताकाला झाकणच घातलं.

कॅबिनेट घरी आलं ते नामदेवकाका आणि बाबा दोघांनी धरून. नाकापेक्षा मोती जड. चांगला जाड पत्रा, पॅनेलचा करडा रंग, प्रत्येक कड दुमडून गुळगुळीत केलेली, बाळाच्या गालावरून फिरवावा तसा हात फिरवा. पुढे सीडी आणि फ्लॉपीच्या जागेवर पूर्ण दार, दाराला रबराची पट्टी आणि पॅनेलला असतं तसं किल्लीचं कुलूप. मागे वायरी निघायच्या तिथे रबराच्या कड्या, पंख्याच्या तोंडावर जाड फेल्टची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, चकती. आई भोवती फिरून म्हणाली, "याले कुलूप कायले?" बाबा म्हणाले, "पॅनेलले राहते." तो विषय तिथे संपला.

मग त्यांनी दिव्याची परीक्षा घेतली. पॅनेल शॉपमध्ये प्रत्येक पेटीची घेत. खोलीत अंधार करायचा, पेटीत पेटता दिवा ठेवायचा आणि दार लावायचं. जिथून उजेड बाहेर येईल तिथून धूळ आत जाईल. एक रेघ दिसली तरी पेटी नापास. बाबांनी भर दुपारी खिडक्यांवर गोधड्या लावल्या, वायर ओढून शंभरचा दिवा आत ठेवला आणि कुलूप लावलं. आम्ही तिघं त्या अंधारात उभे होतो. खाली गिरणी धपधपत होती. कुठेही काही दिसेना, एक ठिपकासुद्धा नाही. बाबांचा चेहराही दिसत नव्हता, पण त्यांनी श्वास सोडलेला मला ऐकू आला.

परीक्षेत पास झालेल्या पेटीवर करणाऱ्याने आपला नंबर ठोकायचा, अशी तिथली रीत. आतल्या बाजूला, कोपऱ्यात, कोणाला दिसणार नाही असा. बाबांनी पोलादी पंचांचा छोटा संच कपाटातून काढला, हातात तोलला आणि परत ठेवला. "तुहं सामान बसू दे," म्हणाले. "चालू झालं की ठोकू."

पुढच्या रविवारी मी सगळं बसवलं. आईने पाटवड्यांचा रस्सा केला, आंब्याचा रस केला, आणि बाबांनी पाहायला माणसं बोलावली. नामदेवकाका आले, पॅनेल शॉपमधले आणखी दोघे आले, आणि न बोलावता वरच्या मजल्यावरच्या पटवर्धनबाई आल्या. त्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या होत्या आणि इमारतीला शाळाच समजायच्या. त्यांनी चष्मा लावून कॅबिनेटकडे नीट पाहिलं. "तिजोरी उत्तम झाली आहे," म्हणाल्या. "आता कॉम्प्युटर कशात ठेवणार?" बाबांनी ते कौतुक म्हणून घेतलं. माझ्या मते त्यात अर्धं खरोखर कौतुकच होतं.

मी बटण दाबलं. बीप झालं, पडदा उजळला. नामदेवकाकांनी टाळी वाजवली, "आयला, चालतंय की!" मी त्यांना चित्रं काढून दाखवली, सगळ्यांची नावं मोठ्या अक्षरांत लिहून दाखवली. मग माणसं पाटावर बसली. रस्सा तिखट होता, नाकं वाहत होती, बाबा आग्रह करकरून वाढत होते आणि कंपनीतल्या कुठल्याशा साहेबाची नक्कल करत होते. मी त्यांना इतकं बोलताना कितीतरी महिन्यांनी ऐकत होते. तेवढ्यात मला दिसलं की पडद्यावरची नावं थिजली आहेत. माऊस हलेना. बंद करून चालू केलं, जरा चाललं, पुन्हा थिजलं. तिसऱ्यांदा चालूच झालं नाही. तापलेल्या रबराचा वास रश्श्याच्या वासात मिसळायला लागला. नामदेवकाकांनी उष्टा हात वर धरून डाव्या हाताने कॅबिनेटला स्पर्श केला आणि झटकन काढून घेतला.

"लय तापलंय," ते हळूच म्हणाले. "आत वारंच नाय त्याला."

पटवर्धनबाई काहीतरी बोलतील असं वाटलं होतं. त्या बोलल्या नाहीत, ताटाकडे बघून निमूट जेवत राहिल्या, आणि त्याबद्दल मी त्यांना त्यांचे सगळे टोमणे माफ केले. बाबांनी तळहात कॅबिनेटवर टेकवला. चटका बसत असणार, पण ते तसाच टेकवून राहिले. मग म्हणाले, "जेवा, जेवा तुम्ही. रस घ्या." माणसं गेल्यावर त्यांनी बूट घातले आणि ते चालायला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ते कोपऱ्यावर गेले आणि दूध घेऊन परत आले. शेडवर गेले नाहीत. आईने भरलेला डबा ओट्यावर तसाच राहिला. दुपारी मी कॅबिनेटची बाजूची प्लेट स्क्रू काढून उतरवली आणि समोर टेबलफॅन लावला. मशीन तासन्‌तास चाललं, अगदी खुशीत. आणि तेच मला नको होतं. ते उघड्यावरही बंद पडलं असतं तर प्रोसेसरला, दुकानदाराला, कोणालाही दोष देता आला असता. मी वळले तर बाबा मागे उभे.

"उघडं चालते," ते म्हणाले.

"हो."

"बंद करून?"

मी नकारार्थी मान हलवली. ते खुर्चीवर बसले. टीव्हीवरच्या तिकिटांच्या पेट्यांकडे बघत म्हणाले, "मंग दुकानातलंच घे. कांदे काढ त्यातले."

हा माणूस आता पुन्हा कधी पत्र्याला हात लावणार नाही, असं मला स्वच्छ दिसलं. उत्तर दिलं ते आईने, ओट्याखालून.

"कांदे काढू तं ठेवू कुठी? त्याले हवा लागते म्हणून ठेवले मी इथं. तुमच्या पेटीले बी हवा लागत असंल तं पाडा भोकं. एवढं सुतक कायले?"

"रंगावर ड्रिल मारत नाही," बाबा म्हणाले. "पास झालेल्या कामाले भोक पाडणं म्हणजे रिजेक्ट. कंपनीत असं चालत नाही."

आई बाहेर आली. हातात कांदा होता. "अजी, कंपनी हाये कुठी आता?"

घरात हे वाक्य तोवर कोणीही बोललं नव्हतं. बाबा तिच्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता भांडण होणार, किंवा त्याहून वाईट, होणार नाही. पण आईने कांदा खाली ठेवला, चहाचं आधण ठेवलं, आणि चहा अर्धा झाल्यावर बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "किती भोकं? कुठी? ड्रॉइंग पाहिजे मले. ड्रॉइंगशिवाय मी पत्र्याले हात लावत नाही."

मी वहीच्या कागदावर पटकन चौकोन काढला आणि आत ठिपके टाकले. त्यांनी तो चष्मा वर करून पाहिला आणि परत केला. "याच्यावर माप नाही. कोणाच्या कॉलेजात शिकते तू?" मी पट्टी घेऊन पुन्हा काढला. ठिपके ओळीने जाता जाता तिरके झाले. तोही परत. तेव्हा आईने माळ्यावरची रांगोळीची पिशवी काढली आणि तिच्यातला ठिपक्यांचा कागद माझ्या पुढ्यात टाकला. रांगोळी घालणाऱ्या बायकांना हा कागद माहीत असतो. जाड कागदाला उदबत्तीने सारख्या अंतरावर भोकं पाडायची, तो जमिनीवर ठेवून वरून रांगोळी फिरवली की खाली ठिपक्यांची रास उमटते. आईचा कागद इतका जुना होता की घड्यांवर तुपकट पिवळा पडला होता. बाबांनी पोलादी पट्टी काढली आणि आडवं-उभं मोजायला लागले. एक ओळ मोजली, दुसरी मोजली, मग कर्णाची.

"कोणी केला हा?"

"मी. लग्नाच्या आधी. यवतमाळले."

बाबांनी आणखी एक ओळ मोजली. इतकी वर्षं हा कागद त्यांच्याच घरात, त्यांच्याच डोक्यावरच्या माळ्यावर होता. "चांगला हाये," ते म्हणाले. ते 'चांगलं' कशाला म्हणायचे हे आम्हा दोघींना ठाऊक होतं, त्यामुळे आईने पदराने उगाच ओटा पुसला.

प्लेटवर कागदी चिकटपट्ट्या लावल्या, रंग उडू नये म्हणून. त्यावर आईचा कागद ठेवून पेन्सिलीने ठिपके उतरवले, बोर्डाच्या खालच्या बाजूला हवा आत यायला आणि वर मागे बाहेर जायला. नामदेवकाकांचं ड्रिल आलं. गॅलरीत प्लेट पाटावर ठेवून बाबा उकिडवे बसले, ड्रिलचं टोक पहिल्या ठिपक्यावर टेकवलं आणि थांबले. मी प्लेट दोन्ही हातांनी घट्ट धरली. मग त्यांनी दाबलं. करड्या रंगातून चकचकीत लोखंडाची वळी वर आली. पहिल्या भोकानंतर मात्र ते थांबले नाहीत. प्रत्येक भोकाची बर त्यांनी काढली, दोन्ही बाजूंनी, हाताने, मी कितीही म्हटलं की आतून कोण बघतंय तरी. आणि धुळीचं काय, हा त्यांचा प्रश्नही त्यांनी सोडला नाही. फेल्टची चकती काढून टाकली आणि भोकांच्या आतून सरकती चौकट केली, तिच्यात आईच्या जुन्या सुती लुगड्याचा तुकडा ताणून बसवला. आठवड्याला काढायचा, धुवायचा, वाळवायचा. आई पीठ वस्त्रगाळ करायची, आमच्या कॉम्प्युटरची हवा वस्त्रगाळ झाली.

ते कॅबिनेट आज माझ्याकडे आहे. त्याच्या आतलं सगळं मी किती वेळा बदललं याचा हिशोब नाही, बाहेरून ते तसंच आहे. आताचा माझा लॅपटॉप एवढासा पातळ, त्याला उघडायला स्क्रूसुद्धा दिसत नाही. बिघडला की टाका. बाबा असते तर त्यांनी त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला असता आणि मान्य केलं असतं की बर मात्र व्यवस्थित काढली आहे.

तर सगळं जोडलं, कुलूप लावलं, आणि मशीन सकाळपासून दुपारपर्यंत चाललं. बाबा मधूनमधून तळहात टेकवायचे आणि काढायचे. शेवटी ते म्हणाले, "बंद कर. सामान काढ आतलं."

"का? चाललंय की!"

"परीक्षा राहिली."

मी कपाळाला हात लावला, पण काढलं. पुन्हा खिडक्यांवर गोधड्या, पुन्हा शंभरचा दिवा. आईच्या लुगड्याची चौकट त्यांनी बाजूला ठेवली, प्लेट लावली आणि दिव्याचं बटण दाबलं. समोरच्या भिंतीवर, कॅलेंडरवर, दारावर, आईच्या साडीवर ठिपकेच ठिपके पसरले. आई त्या उजेडात हात पुढे करून उभी राहिली आणि ठिपके तिच्या तळहातावर आले. खाली गिरणी धपधपत होती म्हणून ते सगळे मिळून किंचित थरथरत होते.

"नापास," बाबा म्हणाले, आणि हसायला लागले. त्यांना हसताना ठसका लागायचा, तसा लागला. डोळे पुसून त्यांनी पंचांचा संच काढला, हातोडी घेतली, आणि मग कॅबिनेटपाशी अडले. नापास पेटीवर नंबर ठोकत नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हे तुह्या खात्याचं काम हाये," ते म्हणाले. "माह्या नाही. तू सांग. पास का?"

मी हसून काहीतरी म्हणणार होते, पण त्यांचा चेहरा पाहिला. ते खरोखर विचारत होते.

"पास," मी म्हटलं.

आतल्या कोपऱ्यात त्यांनी एकेक आकडा ठोकला. प्रत्येक ठोक्याला कॅबिनेट घंटेसारखं वाजलं.

त्या रात्री ते मीठ कमी म्हणून भांडले आणि दोन पोळ्या जास्त खाऊन झोपले. सकाळी मला जाग आली ती कसल्याशा चुकल्यासारख्या वाटण्याने. जिन्यात बुटांचा आवाज झाला नव्हता. खाली कोपऱ्यावर कंपनीची बस क्षणभर थांबली, तिने हॉर्न वाजवला आणि ती गेली. बाबा कुशीवर झोपले होते, तोंड थोडं उघडं, कामावरून आलेला माणूस झोपतो तसे. मला प्रोजेक्ट करायचा होता, मी कॉम्प्युटरच्या बटणाकडे हात नेला. आईने स्वयंपाकघरातूनच मान हलवली. नको. पंख्याचा आवाज होईल.

मी हात मागे घेतला. ती उठली, खाली जाऊन दुधाची पिशवी घेऊन आली, आणि आम्ही दोघींनी दार लोटून घेऊन चहा प्यायला.